कट्टर कार्यकर्ता की काठावरचा मतदार? गावाकडच्या प्रचाराचं खरं गणित

निवडणूक लागली की प्रत्येक उमेदवाराच्या जवळच्या माणसाकडे एक यादी असते. असते ती मतदार यादीचीच झेरॉक्स, पण प्रत्येक नावापुढे पेनाने खूण केलेली. कुठे बरोबर, कुठे फुली, कुठे नुसता ठिपका. बरोबर म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा आणि ठिपका म्हणजे काठावरचा. कोणी त्याला कुंपणावरचा म्हणतं, कोणी डळमळीत. सगळा प्रचार त्या ठिपक्यांसाठी चालतो, आणि प्रचार करतात मात्र बरोबरची खूण असलेले. भांडण इथूनच सुरू होतं. कारण बरोबरवाल्याला जे ऐकायला आवडतं, ते ठिपकेवाल्याला बऱ्याचदा खटकतं.

ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत ही दोरी कशी ओढली जाते, ते आपल्याकडच्या उदाहरणांनी पाहू.

आधी ग्रामपंचायत, कारण तिथं हिशोब उघडा दिसतो

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, शिट्टी, पतंग असली मुक्त चिन्हं असतात आणि पॅनल असतं. लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य, दोन-तीन जागांचा एकेक प्रभाग, आणि सरपंचाचं मत वेगळं.

समजा गावात १८०० मतदार आहेत आणि मतदान झालं १४५०. एका पॅनलची पक्की मतं ५२०, दुसऱ्याची ४८०. भाऊबंदकी, सोसायटीचं राजकारण, जुनी भांडणं, उपकार, सोयरीक यातून ही मतं ठरलेली असतात, ती प्रचाराने हलत नाहीत. राहिले ४५० ठिपके. आता पहिल्या पॅनलने मेहनत करून त्यातले २३० आपल्याकडे वळवले. झाले ७५०, समोरच्याचे ७००. पन्नास मतांनी गुलाल यांचा. पण हे २३० वळवताना पॅनलप्रमुखाने विरोधी घरातला एक माणूस फोडून त्याला उमेदवारी दिली, आणि त्या प्रभागात दहा वर्षं सतरंज्या उचलणारा पोरगा नाराज झाला. त्याची भावकी साठ मतांची. ते विरोधात गेले नाहीत, फक्त घरी बसले. ७५० चे झाले ६९०. दहा मतांनी पॅनल पडलं!

असलं गणित प्रत्येक तालुक्यात दर निवडणुकीला एखाद्या तरी गावात घडतं. आणि निकालानंतर चावडीवर चर्चा होते ती 'पैसे कमी पडले' अशी. घरी बसलेल्या साठांचा विषय कोणी काढत नाही.

यात कायद्याचाही भाग आहे, तो फारसा बोलला जात नाही. सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा तेव्हा दोन प्रभाग पक्के असले तरी काम भागत होतं. आपल्या वाड्यातली, आपल्या आळीतली कट्टर मतं धरून ठेवली की झालं. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत आली. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती बंद केली आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा आणली. थेट सरपंच म्हटल्यावर सगळ्या गावाचं मत लागतं. समोरच्या आळीतली पण चार मतं लागतात. म्हणून सरपंचपदाचा उमेदवार बघितला तर तो सहसा गोड बोलणारा, मयताला आणि लग्नाला सगळीकडे जाणारा असतो, आणि सदस्याचा उमेदवार आपल्या आळीचा गडी असतो. मतदारही हुशार. सरपंच कपबशीचा आणि सदस्य शिट्टीचे, असं मत फोडून देतो. मग पाच वर्षं सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं. मासिक सभेत काय होतं ते सांगायला नको.

कट्टर म्हणजे नक्की कोण

शहरातली वाहिन्यांवरची चर्चा ऐकली तर कट्टर म्हणजे विचारधारेवाला असं वाटतं. गावाकडं ते अर्धंच खरं आहे. एखाद्याचा आजा काँग्रेसचा म्हणून तो काँग्रेसचा, असं पूर्वी सर्रास होतं. आता पक्षच फुटले. शिवसेना २०२२ मध्ये, राष्ट्रवादी २०२३ मध्ये. त्यामुळे निष्ठा पक्षापेक्षा माणसावर जास्त राहिली. 'साहेब जिकडं तिकडं आम्ही' म्हणणारा कार्यकर्ता एका पंचवार्षिकला तीन झेंडे खांद्यावर घेतो आणि तरी स्वतःला निष्ठावंत म्हणवतो. त्याच्या हिशोबाने तो खोटंही बोलत नाही.

त्याला पैसा लागतो का? लागतो, गाडीत डिझेल टाकावंच लागतं. पण त्याहून जास्त मान लागतो. स्टेजवर नाव घेतलं का, बॅनरवर फोटो कितवा आहे, उमेदवार गावात आला तेव्हा चहा कोणाच्या घरी झाला. चहा चुकीच्या घरी झाला म्हणून अख्खी वस्ती थंड पडलेली मी बातमीदारीत पाहिली आहे. त्याची बातमी होत नाही, हे वेगळं.

काठावरच्याचं तसं नसतं. त्याला स्टेज नको, बॅनर नको. तो बऱ्याचदा दोन्हीकडच्या मिरवणुकीला जाऊन येतो. शेतमालाचा भाव, लाइट दिवसा की रात्री, पाटपाण्याचं आवर्तन वेळेवर येतं का, मुलाची नोकरी, दवाखाना एवढंच त्याच्या डोक्यात. आणि तिसरी गोष्ट, त्याला शिवराळ भाषण आवडत नाही. ऐकताना हसतो, टाळ्याही देतो, पण मत देताना 'हा माणूस उद्या आपल्यावर असाच बोलेल' असा विचार करतो.

एक वाक्य आणि नगर दक्षिण

२०२४ च्या लोकसभेला आपल्या शेजारी अहमदनगर मतदारसंघात हे अगदी लख्ख दिसलं. भाजपचे डॉ. सुजय विखे पाटील आणि शरद पवार गटाचे निलेश लंके. प्रचार सुरू होत असताना विखे यांनी लंकेंना आव्हान दिलं, की महिनाभरात माझ्यासारखं इंग्रजी बोलून दाखवा, मी अर्जच भरणार नाही, अशा अर्थाचं. समोर बसलेल्या समर्थकांना मुद्दा पटला असेल, की खासदार दिल्लीत बोलणारा पाहिजे. पण मतदारसंघात इंग्रजी न येणारेच जास्त. शेवगाव-पाथर्डीपासून कर्जत-जामखेडपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाला ते वाक्य स्वतःलाच लागलं. लंकेंच्या लोकांनी ते वाक्य शेवटपर्यंत सोडलं नाही. लंके सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले आणि लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीतच.

निव्वळ एका वाक्यानेच निकाल लागला, असं मी म्हणणार नाही. कांदा होता ना. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली आणि ती उठवली मे २०२४ मध्ये, मतदान तोंडावर आल्यावर, तीही किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. कांदेवाला शेतकरी कोणत्या पक्षाचा आहे हे त्या वेळी विचारायची सोय नव्हती. वर्षानुवर्षे कमळाला मत देणारे सुद्धा बाजार समितीच्या ओट्यावर उघड बोलत होते. नगर, नाशिक, दिंडोरी, शिरूर, कांद्याच्या पट्ट्यातल्या या चारही जागा महायुतीच्या हातून गेल्या.

आता त्याच जिल्ह्यातलं पुढचं पान. पाच-सहा महिन्यांनी विधानसभा. लंकेंचा स्वतःचा तालुका पारनेर. तिथं त्यांच्या पत्नी राणी लंके उभ्या होत्या. कार्यकर्त्यांचा उत्साह लोकसभेपेक्षा कमी नव्हता, जास्तच होता. आणि अजित पवार गटाचे काशिनाथ दाते दीड हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. खासदारकी दिली, आता आमदारकीही त्याच घरात कशाला, हे वाक्य काठावरच्या मतदाराच्या तोंडी सहज येतं, कट्टराच्या तोंडी कधीच येत नाही. कर्जत-जामखेडला रोहित पवार १२४३ मतांनी कसेबसे वाचले. त्यानंतर कराडला प्रीतिसंगमावर भेट झाल्यावर अजित पवारांनी पुतण्याला म्हटलं, थोडक्यात वाचलास, माझी सभा झाली असती तर काय झालं असतं. लोक हसले, पण राम शिंदेंच्या लोकांना ते हसण्यासारखं नव्हतं. मित्रपक्षाची कट्टर मतं आपल्याला पूर्ण पडली का, ही शंका त्यांच्या मनात होतीच आणि शिंदेंनी ती बोलूनही दाखवली.

संगमनेरचं उदाहरण मात्र उलटं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये धांदरफळच्या सभेत सुजय विखेंच्या समोर एका वक्त्याने बाळासाहेब थोरातांच्या मुलीबद्दल अत्यंत आक्षेपार्ह बोललं. तालुका पेटला, गाड्या फोडल्या, गुन्हे दाखल झाले. आता महायुतीचं संगमनेरमध्ये काही खरं नाही, असं आम्ही पत्रकार मंडळी सुद्धा चहाच्या टपरीवर बोलत होतो. पुढे विखे तिथून उभे राहिले नाहीत, शिंदे सेनेकडून अमोल खताळ उभे राहिले आणि १९८५ पासून सलग आठ वेळा आमदार झालेले थोरात दहा हजारांवर मतांनी पडले. म्हणजे भाषणाने भडका उडाला तो खरा, पण चाळीस वर्षांचा कंटाळा आणि महिलांच्या खात्यातले पैसे हे त्याच्याहून खाली, शांतपणे चाललं होतं. उमेदवार बदलल्यामुळे त्या वक्तव्याचा डाग नव्या माणसाला तेवढा चिकटला नाही, हाही भाग असावा.

वळवायचं की बाहेर काढायचं

लोकसभेला राज्यात ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला. विधानसभेला २८८ पैकी भाजप १३२, शिंदे सेना ५७, अजित पवार गट ४१. आघाडीच्या तीन पक्षांच्या मिळून ४६. पाच महिन्यांत लोक एवढे बदलले का?

सगळे बदलले नाहीत. प्रचाराची दोन कामं असतात. एक, काठावरच्याला वळवणं. दुसरं, आपल्या माणसाला घरातून बाहेर काढणं. विधानसभेला राज्याचं मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास गेलं, २०१९ ला ते ६१ च्या आसपास होतं. हे जादा आलेले सगळे काठावरचे नव्हते. लोकसभेला सुस्तावलेले, रागावलेले, 'यंदा नको' म्हणून घरी बसलेले आपलेच लोक त्यात होते.

महायुतीने दोन्ही कामं दोन वेगळ्या अवजारांनी केली. लाडकी बहीण योजना काठावरच्यांसाठी. महिन्याला १५०० रुपये, जुलै २०२४ पासून, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे दिवाळीआधीच, म्हणजे मतदानाआधी खात्यावर एकूण ७५००. पैसे देताना तुझ्या नवऱ्याच्या गाडीवर कोणता झेंडा आहे, हे विचारलं नाही. दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे गेले. आमच्याकडे नवरा एका पक्षाचा आणि बायकोचं मत दुसरीकडे, हे त्या वेळी पहिल्यांदा एवढं मोकळेपणाने बोललं गेलं. आघाडीने ३००० देऊ म्हटलं, महायुतीने २१०० देऊ म्हटलं. पण देऊ आणि दिले यात फरक पडतो, हे आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला जास्त कळतं.

सोयाबीनचं सांगतो. हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली विकावं लागत होतं. लोकसभेला कांद्याने जे केलं ते सोयाबीन विधानसभेला करील, असा अंदाज होता. झालं नाही.

दुसरं अवजार घोषणांचं. योगी आदित्यनाथांची 'बटेंगे तो कटेंगे' आणि पंतप्रधानांची 'एक है तो सेफ है'. या घोषणा आपल्या पक्क्या मतदाराला जागं करायला होत्या. अजित पवारांनी उघड सांगितलं की हे महाराष्ट्रात चालत नाही. पंकजा मुंडेंनीही नापसंती दाखवली. फडणवीसांनी घोषणेची बाजू घेतली. वरून बघणाऱ्याला वाटलं युतीत भांडण आहे. मला तरी तसं वाटत नाही, किंवा भांडण असलं तरी त्याचा तोटा झाला नाही. ज्या गावात घोषणेने मत वाढतं तिथं घोषणा, जिथं मुस्लिम आणि मवाळ मतं आहेत तिथं अजितदादांचा नकार. एकाच गाडीला दोन ड्रायव्हर होते आणि रस्ता बघून स्टिअरिंग बदललं जात होतं. हे ठरवून झालं की आपोआप, ते त्यांनाच माहीत.

पूर्वी हे एकट्या उमेदवारालाही जमत होतं. वरच्या आळीत एक भाषण, खालच्या आळीत दुसरं. रात्रीच्या कोपरा सभेत बोललेलं सकाळपर्यंत विसरलं जायचं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल. कार्यकर्ताच उत्साहाने आपल्या नेत्याचं जहाल वाक्य कापून स्टेटसला ठेवतो आणि ते नेमकं जिथं जायला नको त्या वस्तीत जातं. विरोधकाला काही करावं लागत नाही.

चिन्हात फसतो तो काठावरचाच

कट्टर माणूस चिन्ह शोधत नाही, त्याचं बोट आपोआप जातं. काठावरच्याचं तसं नाही. २०२४ च्या लोकसभेला शरद पवार गटाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवीन चिन्ह मिळालं होतं आणि काही ठिकाणी अपक्षांना पिपाणीसारखं दिसणारं वाद्य. मराठी यादीत त्याचंही नाव तुतारी. दिंडोरीत भास्कर भगरे गुरुजी निवडून आले, पण ते चिन्ह घेतलेल्या, भगरे हेच आडनाव असलेल्या आणि नावामागे 'सर' लावलेल्या अपक्षाला एक लाखावर मतं पडली. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२ हजार ७७१ मतांनी उदयनराजेंकडून हरले आणि पिपाणीला मतं ३७ हजारांवर. ती सगळी मतं चुकूनच पडली असं सिद्ध करता येत नाही. पण प्रचार करणाऱ्यांनी त्यानंतर एक धडा घेतला. विधानसभेला कार्यकर्ते घराघरात डमी मतपत्रिका घेऊन गेले आणि म्हाताऱ्या माणसांकडून बोट ठेवून घेतलं.

मत गुप्त, पण बूथ उघडा

आता ज्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे ते. काठावर राहायची किंमत असते.

विधानसभा-लोकसभेच्या निकालानंतर फॉर्म २० निघतो. त्यात मतदान केंद्रनिहाय कोणाला किती मतं पडली ते असतं, आणि तो कोणालाही पाहता येतो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. छोट्या गावात एकच केंद्र. म्हणजे माणसाचं मत गुप्त, पण गावाचं नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज पडल्यास पेट्यांतली मतं मिसळून मोजायची सोय नियमात होती. मशीन आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं. ते काही झालं नाही.

परिणाम काय? निवडून आलेल्याचा माणूस फॉर्म २० घेऊन बसतो. या गावाने लीड दिलं, या गावाने नाही. मग आमदार निधी, पाणंद रस्ता, सभामंडप कुठे द्यायचा ते ठरतं. ग्रामपंचायतीला तर प्रभागात चारशे-पाचशे मतं, कोण कुठे गेलं याचा अंदाज आठ दिवसांत लागतो. आमच्या वस्तीवरची डीपी जळाली होती, रब्बीत, गहू पोटरीत असताना. सांगायला गेलो तर एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने हसत विचारलं, 'मतदानाच्या दिवशी कुठं होता?' डीपी बावीस दिवसांनी आली. गव्हाचं काय झालं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

निवडून येताना काठावरच्याच्या पाया पडायचं आणि निवडून आल्यावर सगळं कट्टराला द्यायचं, ही रीत झाली आहे. कार्यकर्त्याचंही एक म्हणणं आहे, ते ऐकून घेतलं पाहिजे. तो म्हणतो, आम्ही केसेस अंगावर घेतल्या, घरची कामं सोडली, आणि ऐनवेळी आलेल्याला ठेका का द्यायचा? जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच बसला होता. सदस्यपदाची वाट बघत असलेली कार्यकर्त्यांची एक पिढी तशीच वाळली. त्यांचा राग खोटा नाही. पण त्या रागाची वसुली डळमळीत घरांकडून का?

शहाणे नेते यातून वाट काढतात. काही जण निवडून आल्यावर पहिलं काम मुद्दाम लीड न देणाऱ्या गावात करतात. आपले लोक चिडतात, त्यांना सोसायटी, दूध संघ, देवस्थान समिती अशा ठिकाणी बसवतात. मान आपल्यांना आणि काम सगळ्यांना, असा तो हिशोब. असे थोडे आहेत, पण तेच तीन-चार वेळा सलग निवडून येताना दिसतात.

शेवटचे दोन दिवस

विधानसभा-लोकसभेला मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार बंद होतो. भोंगे बंद झाल्यावर खरा प्रचार सुरू होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आता भाषण नसतं, यादी असते. ठिपके किती राहिले, त्या घरी कोण जाणार? इथं चांगला पॅनलप्रमुख कट्टर कार्यकर्त्याला पाठवत नाही. ज्याचा झेंड्याशी संबंध नाही असा माणूस पाठवतो, मास्तर, डेअरीवाला, मावसभाऊ, सुनेच्या माहेरचा कोणी. कट्टराला काम दिलं जातं ते पुण्या-मुंबईच्या मतांचं. फोन कर, येतोय का विचार, कोणासोबत येतोय बघ. उमेदवाराने मतदारांना गाडीने केंद्रावर ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे, तरी त्या दिवशी गावात जीप कोणाच्या फिरतात ते लहान पोर पण सांगेल.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर तीच यादी असते. मत देऊन आलेल्याच्या नावावर रेघ. ग्रामपंचायतीला साडेसात ते साडेपाच, विधानसभेला सहसा सात ते सहा. दुपारी चारला पोरं यादी चाळतात, बरोबरची खूण आहे पण रेघ नाही अशी नावं कागदावर उतरवतात आणि गाड्या मळ्याकडे सुटतात. ठिपकेवाल्यांकडे त्या वेळी कोणी जात नाही, कारण तो कोणाला टाकील याचा भरवसा नसतो. तो आपला ऊन उतरल्यावर, जनावरांची धार काढायच्या आधी, बायकोला मागे बसवून स्वतःच्याच गाडीवर येतो. वेळ संपायच्या आत रांगेत उभा असेल तर त्याला मत देता येतं. अधिकारी रांगेतल्यांना चिठ्ठ्या देतात, आणि त्या वाटायला सुरुवात करतात रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसापासून.